मासळी धक्क्यावर उतरते, कायदा का उतरत नाही?

पापलेटचा भाव ऐकून पुढच्या पाटीकडे वळायची आपल्याला सवय झाली आहे. घोळ आणि रावस सणासुदीला दिसले तर दिसले. सुरमईचे तुकडे लहान होत चालले, आणि पूर्वी जी बारीक मासळी जाळ्यातून सुटून जायची ती आज वाटे लावून विकली जाते. बाजारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला हे कळते. मच्छीमाराला तर ते डिझेलच्या बिलातच दिसते, कारण किनाऱ्याजवळ मिळणारा मासा शोधायला नौकेला आता कितीतरी आत जावे लागते. मग 720 किलोमीटरचा किनारा आणि सात सागरी जिल्हे असलेल्या या राज्यात मासळी संपत चालल्याची चर्चा मच्छीमारांच्या मोर्चापुरतीच का उरते? समुद्र कोळ्यांचा, म्हणून प्रश्नही कोळ्यांचा, असे आपण ठरवून टाकले आहे काय? किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्य सरकारच्या अखत्यारीत येते. हे सरकार तुम्ही-आम्ही निवडलेले आहे. तेव्हा या समुद्राचा हिशेब मागणे हे आपल्या सर्वांचे काम आहे, मासे खाणाऱ्यांचे आणि न खाणाऱ्यांचेही.

1. समुद्र कितीही उपसला तरी भरून येतो, हा समज आधी सोडला पाहिजे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या नोंदीनुसार 2018 साली महाराष्ट्रात 2.95 लाख टन मासळी उतरली होती. 2019 मध्ये हा आकडा 2.01 लाख टनांवर आला. 45 वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी क्यार आणि महा या वादळांनी नौका किनाऱ्याला अडकल्या होत्या हे खरेच, आणि पुढच्या वर्षांत आकडा वर-खाली होत राहिला. पण एकूण टनांवर विसंबण्यातच मोठी फसगत आहे. टनांत पापलेटही मोजले जाते आणि जवळाही. मोठा, सावकाश वाढणारा मासा कमी होतो, त्याची जागा राणी मासा, बळा, म्हाकूल आणि बारीकसारीक मासळी घेते, आणि कागदावर समुद्र भरलेला दिसतो.

मुंबईच्या चपट्या शेवंडाचे काय झाले ते आठवून पाहा. पंख्यासारख्या पसरट तोंडाचा हा शेवंड 1980च्या दशकात मुंबईच्या ट्रॉलरना वर्षाला शेकडो टन मिळत असे. परदेशातून मागणी आली, भाव चढला, आणि तळ खरवडणाऱ्या जाळ्यांत पोटाशी अंडी धरलेल्या माद्याही निघू लागल्या. कोणी थांबवले नाही. 1994 साली हा शेवंड जेमतेम दोन टनांवर आला आणि त्याची मासेमारी बंद पडल्यातच जमा झाली. मासळी संपू शकते का, असा प्रश्न आता विचारायचे कारण नाही. ती आपल्या डोळ्यांदेखत, देशाच्या आर्थिक राजधानीसमोर एकदा संपलेली आहे.

2. हे घडत असताना आपण शांत का राहतो? डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 मध्ये याचे एक उत्तर दिले होते. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या वर्षांत पाहिलेला समुद्र हाच मूळचा समुद्र मानते आणि घट तिथून पुढे मोजते. आजोबांनी पाहिलेला घोळ नातवाच्या मोजणीत येतच नाही. कोकणातल्या कोणत्याही बंदरात म्हाताऱ्या तांडेलाशी बोला, तो तुम्हाला माशांची अशी नावे सांगेल जी त्याच्या मुलाला ठाऊक नाहीत. सरकारी नियोजनातही हेच घडते. गेल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, यंदा थोडी वाढ दिसली की समाधान मानायचे. ज्या खात्याला पन्नास वर्षांपूर्वीचा समुद्र आठवत नाही, त्याला आजचा समुद्र किती रिकामा आहे हे कधीच कळणार नाही.

3. मासेमारी हजारो वर्षे चालत आली आहे, मग आताच काय झाले, असे विचारणारे भेटतात. त्यांनी साधनांकडे पाहावे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा गावची माणसे दोराला लागतात, किनाऱ्याजवळ आलेला मासा घेतात आणि त्याचे वाटे पडतात. मासा आला नाही तर रापण रिकामी येते. माशाला सुटायला अख्खा समुद्र मोकळा असतो.

आता पर्ससीन पाहा. अर्धा किलोमीटरहून लांब जाळे. वरच्या कडेला तरंगणारे बोये, खालच्या कडेला शिशाची वजने आणि कड्या. इलेक्ट्रॉनिक यंत्रावर थवा दिसला की नौका त्याच्याभोवती वेढा घालते. कड्यांतून ओवलेला दोर यंत्राने ओढला जातो, जाळ्याचा तळ आवळतो, आणि बांगड्याचा किंवा तारलीचा सगळा थवा, अगदी पिल्लांसकट, आत सापडतो. यात एलईडीची भर पडली. अंधाऱ्या रात्री एक नौका जनरेटर लावून प्रखर दिवे पाण्यावर आणि पाण्यात सोडते. प्रकाशाकडे बारीक जीव येतात, त्यांच्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. घटका-दोन घटका वाट पाहायची आणि वेढा टाकायचा. माशाला शोधायला जायचीही गरज उरत नाही, त्यालाच बोलावून घ्यायचे. ज्या रात्री असे दिवे लागतात, त्यानंतर कितीतरी दिवस आपली जाळी कोरडी येतात, असे सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे सांगत आहेत. याला मासेमारीतली प्रगती म्हणायचे असेल तर बँक फोडणे ही बचतीतली प्रगती म्हणावी लागेल.

4. आता मुख्य मुद्दा. कायदा नाही म्हणून हे चालले आहे काय? मुळीच नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981चा आहे, म्हणजे चार दशकांहून जुना. डॉ. सोमवंशी समितीने पर्ससीनचा अभ्यास करून अहवाल दिला. त्यावर 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्याने आदेश काढला. राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा, जाळ्याचा आस, म्हणजे छिद्राचे माप, 25 मिलिमीटरपेक्षा लहान नको, आणि परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर आणायचे. एलईडीच्या साहाय्याने मासेमारीला केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2017च्या आदेशाने बंदी घातली. 2021 मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांकडे दिले, कारण निकाल लांबत होते. 2025च्या जानेवारीत पाळतीसाठी ड्रोनही आले. समिती झाली, आदेश झाला, दुरुस्ती झाली, ड्रोन झाले. आणि तरीही समुद्रात दिव्यांचा झगमगाट दिसल्याच्या तक्रारी दर हंगामात येतात. हे कसे?

नेहमीचे उत्तर असे की समुद्र अफाट आहे, गस्तीनौका थोड्या आहेत, परराज्यांतून येणारे हायस्पीड ट्रॉलर त्यांच्या हाती लागत नाहीत. दुसरे उत्तर हद्दीचे. 12 मैलांपलीकडे केंद्राचे क्षेत्र, आम्ही तिथे मासे धरतो, असे नौकामालक सांगतात आणि राज्याचे अधिकारी हात वर करतात. हे दुसरे उत्तर एलईडीला तर लागूच पडत नाही, कारण ती बंदी केंद्रानेच घातलेली आहे.

पण मला या दोन्ही उत्तरांतली उणीव वेगळी वाटते. मासा समुद्रात पकडला जातो, पण तो समुद्रात विकला जात नाही. बर्फ भरला जातो तो बंदरात. डिझेल आणि पाणी घेतले जाते ते बंदरात. जाळे चढते, खलाशी चढतात, जनरेटर चढतो तो बंदरात. मासळी उतरते आणि तिचा लिलाव होतो तो धक्क्यावर, दिवसाढवळ्या, दलाल, व्यापारी, हमाल, पोलीस आणि परवाना अधिकारी अशा सर्वांच्या साक्षीने. ससून डॉक, मिरकरवाडा, हर्णै ही काही गुप्त ठिकाणे नाहीत. एलईडीचे दिवे आणि जनरेटर खिशात लपवून नेता येतात काय? अर्धा किलोमीटर लांबीचे पर्ससीन जाळे जानेवारीत नौकेवर रचलेले असते ते शोभेसाठी काय? दंड हवाच, पण ज्या नौकेवर बंदी असलेले साहित्य सापडेल तिचा डिझेल परतावा बंद करायला आणि बर्फ-डिझेलचा पुरवठा थांबवायला कोणती गस्तीनौका लागते? हा परतावा तुमच्या-आमच्या कराच्या पैशातून जातो. कायदा मोडणाऱ्या नौकेला तो मिळत असेल, तर समुद्राच्या लुटीत आपण सगळेच नकळत भागीदार ठरतो. अफाट समुद्राचे कारण पुढे करणाऱ्या सरकारने आधी आपल्या हातभर लांबीच्या धक्क्यावर कायदा लागू करून दाखवावा.

5. पिल्लांचा प्रश्न याहून कडू आहे, कारण यात बोट फक्त पर्ससीनकडे दाखवता येत नाही. 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. सातपाटीच्या मच्छीमारांनी ही मागणी लावून धरली होती, आणि तिच्यामागे पापलेट वाचावे हीच तळमळ होती. त्याच वर्षी राज्याने 54 प्रजातींचे किमान आकारमान ठरवून दिले. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180 मिलिमीटर, त्याहून लहान धरायचा नाही. केरळने हे आधीच केले होते; आपण उशिरा का होईना केले, त्याचे स्वागतच आहे.

पण धक्क्यावर जाऊन पाहा. बर्फाच्या ट्रेमध्ये तळहातात मावणारी पापलेटची पिल्ले ओळीने लावलेली असतात. एका किलोत पंधरा-वीस बसतात. याच पिल्लाला वाढू दिले असते तर ते अर्धा किलोचे झाले असते, किलोमागे कितीतरी चढा भाव मिळाला असता, आणि मुख्य म्हणजे मरण्याआधी त्याने अंडी घातली असती. दुष्काळात शेतकरी अर्धपोटी राहतो पण पेरणीचे बियाणे दळून खात नाही. समुद्रात आपण नेमके बियाणेच दळत आहोत. आणि हे बारीक आसाच्या ट्रॉल जाळ्यांत होते तसे काही प्रमाणात पारंपरिक डोल जाळ्यांतही होते. डोलीच्या शेवटच्या पिशवीचे आस इतके बारीक असतात की त्यातून काही सुटत नाही. पारंपरिक मच्छीमारांची बाजू न्याय्य आहे, आणि म्हणूनच त्यांनी आपल्या जाळ्याचे आस मोठे करण्यात पुढाकार घेतला तर त्यांच्या शब्दाला दुप्पट वजन येईल. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याखेरीज होडी लोटायची नाही, ही रीत सरकारी परिपत्रकाने आलेली नव्हती. पावसाळ्यातली मासेमारी बंदी 31 जुलैला न संपवता 15 ऑगस्टपर्यंत न्यावी, ही पालघरच्या संस्थांची जुनी मागणी त्याच शहाणपणातून आलेली आहे, आणि ती मान्य व्हायला हवी.

राहिलो आपण, खाणारे. ताटात अख्खा मासा शोभून दिसतो म्हणून हॉटेलांना ताटाच्या मापाचा पापलेट हवा असतो. थाळीच्या ठरलेल्या भावात मोठा मासा बसत नाही, म्हणून लहान बसवला जातो. आपणही कौतुकाने खातो. लहान पापलेटला गिऱ्हाईक मिळाले नाही तर ते कोण धरील? किमान आकारमानाचा तक्ता प्रत्येक मासळी बाजारात आणि प्रत्येक मालवणी खानावळीत मोठ्या अक्षरांत लावणे सक्तीचे करा. ज्या राज्यात राज्यमाशाची पिल्ले उघड्यावर विकली जातात, त्या राज्याने त्याला दिलेला मान पोकळ आहे.

6. समुद्र म्हणजे फक्त विकाऊ मासळी नव्हे. मोरी घ्या. मोरी म्हणजे शार्क, आणि शार्क हा बांगड्यासारखा लाखांनी अंडी घालणारा मासा नाही. तो वर्षानुवर्षे वाढतो, उशिरा वयात येतो आणि मोजकीच पिल्ले देतो. 1970 नंतर खुल्या महासागरातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 71 टक्क्यांनी घटली, असा जागतिक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. भारताने 2001 मध्ये देवमाशाएवढ्या बहिरी शार्कला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले, 2015 मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद केली. पण आपल्या बाजारात मोरीची वीतभर पिल्ले विकायला येतात तेव्हा कोणाला काही वाटत नाही.

कासवांची आणि डॉल्फिनची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती आवर्जून सांगितली पाहिजे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी शार्क अडकला तर जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना राज्याने डिसेंबर 2018 मध्ये सुरू केली. भर समुद्रात स्वतःचे महागडे जाळे सुरीने कापणे म्हणजे काय असते, याची कल्पना करा. हातातोंडाशी आलेली मासळी निसटते, जाळे दुरुस्तीला जाते, दिवस बुडतो. तरीही कोकणातल्या मच्छीमारांनी हे केले, पुन्हा पुन्हा केले आणि शंभराहून अधिक जीव सोडवले. मच्छीमाराला निसर्गाची पर्वा नाही, असे शहरात बसून म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. विश्वासाने आणि वेळेवर पैसे देऊन मदत केली की मच्छीमार समुद्राचा पहारेकरी होतो. त्याला पहारेकरी न करता नुसता आरोपी करणे हा धोरणाचा दोष आहे.

7. निर्बंध घातले तर लोकांच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप गंभीर आहे. त्याला तितकेच गंभीर उत्तर दिले पाहिजे. पोट कोणाचे? पर्ससीनवरचा खलाशी बहुधा दूरच्या राज्यातून किंवा नेपाळातून आलेला असतो. मासा संपला की मालक नौका विकून दुसरा धंदा बघेल, खलाशी घरी परतेल. मागे उरेल ती अर्नाळ्या-वर्सोव्याची वलांडीवर बोंबील वाळवणारी बाई, आणि पहाटे धक्क्यावर लिलावात उभी राहून पाटी भरणारी कोळीण, जिच्याकडे दुसरा धंदा नाही.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडने हे भोगले आहे. तिथला कॉड मासा एवढा विपुल होता की त्यावर पाचशे वर्षे युरोप जेवला. मोठी फॅक्टरी-जहाजे आली आणि 1968 साली एका वर्षात आठ लाख टनांहून अधिक कॉड निघाला. किनाऱ्यालगतचे लहान मच्छीमार 1980च्या दशकात ओरडून सांगत होते की मासा लहान होतोय, कमी होतोय. सरकारी आकडेवारी मात्र सारे ठीक असल्याचे सांगत होती, कारण ती मोठ्या जहाजांच्या पकडीवर आधारलेली होती. नोकऱ्या जातील म्हणून कोटा कमी करायचे टाळले गेले. अखेर 2 जुलै 1992 रोजी कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे 30,000 माणसे एका फटक्यात बेकार झाली. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी 2024 पर्यंत चालली. रोजगार वाचवण्यासाठी मासा संपू दिला, आणि मासा संपल्यावर रोजगारही गेला. आज सिंधुदुर्गातले लहान मच्छीमार जे सांगत आहेत ते शब्दशः तेच आहे, आणि आपल्याला 1992ची वाट पाहायची आहे का, हे मुंबईत बसलेल्यांनी ठरवायचे आहे.

8. नद्यांतून आणि नाल्यांतून येणारे सांडपाणी, तापत चाललेला समुद्र, वाढवणसारखी बंदरे, तुटलेल्या जाळ्यांचे प्लास्टिक ही सगळी कारणेही खरी आहेत. केरळात तारलीची पकड 2012च्या सुमारे चार लाख टनांवरून 2021 मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली, त्यात हवामानाचा वाटा मोठा होता. पण आजारी समुद्राकडून आपण पूर्वीपेक्षा जास्त ओरबाडायचे आणि मग आजाराकडे बोट दाखवायचे, हे चालणार नाही.

9. म्हणून मागण्या मोजक्या आणि तपासता येतील अशा आहेत. परवानाधारक पर्ससीन नौकांची यादी, नाव आणि नोंदणी क्रमांकासह, प्रत्येक बंदरात लावा. गेल्या हंगामात किती नौकांवर कारवाई झाली, किती दंड ठोठावला आणि त्यातला प्रत्यक्षात किती वसूल झाला, ते जिल्हानिहाय जाहीर करा. दोनदा दोषी ठरलेल्या नौकेचा परवाना रद्द करा. मोठ्या धक्क्यांवर लिलावाच्या वेळी माप घेऊन उभा राहणारा माणूस नेमा आणि त्याच्या नोंदी सर्वांना पाहू द्या. पर्ससीन सोडून दुसऱ्या पद्धतीकडे वळू पाहणाऱ्या मालकाला कर्जात सवलत आणि बंदीच्या काळात खलाशांना व मासळी विकणाऱ्या बायांना निर्वाहभत्ता द्या. एप्रिल 2025 मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला आहे. शेतीतल्यासारखे नुकसानभरपाईचे निकष आता इथे का नकोत? किनाऱ्यावरच्या सातही जिल्ह्यांतल्या आमदार-खासदारांना हे प्रश्न लेखी पाठवा आणि लेखी उत्तर मागा. 1 ऑगस्टला नौका पुन्हा समुद्रात जातील. त्याआधी, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, वरची यादी आणि वरचे आकडे प्रत्येक जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर लागलेले आहेत की नाहीत, हे जाऊन पाहायचे आहे.